शेरा

माझं काम पट्टी धरायचं.
काळे-पांढरे सेंटिमीटर, वर खडूनं आकडा,
आणि क्रेनच्या पाळण्यात श्वास रोखून उभं राहायचं
वेल्गाचं बोट शटरवरून उठेपर्यंत.
मग पुढचं फूल, पुढचा शंख, पुढचा सिंह,
ज्याच्या जबड्यात चिमणीनं
कुणाच्या तरी पार्सलची सुतळी साठवलीय.

रीगातली ही जुनी टपालकचेरी.
खालून बघणाऱ्याला अख्खी दिसते,
दागिने घालून लग्नाला आलेल्या आत्याबाईसारखी.
वर आलं की कळतं,
प्रत्येक मणी कुणीतरी वेगळ्या दिवशी ओवलाय,
कुणी पगाराच्या दिवशी, कुणी उपाशी.
एका द्राक्षाच्या घोसात सात द्राक्षं कमी आहेत.
पडलेली नाहीत. केलीच नव्हती.

वेल्गा फार बोलत नाही.
"उजवीकडे." "तुझी सावली काढ."
साडेतीनला ऊन तिरपं होतं
तेव्हा मात्र ती पुटपुटते, दगडी पानांच्या शिरांशी,
धार काढताना गाईशी बोलावं तसं.
हातमोज्यांची बोटं तिनं कापून टाकलीयत.
दौगावेवरून बर्फाचे शेवटचे तुकडे चाललेत.

तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांवर चोवीस चेहरे,
चोवीस बायका, एकाच साच्यातल्या,
ओठ मिटलेले, केसांत ओकची पानं,
समोरच्या बँकेकडे बघतायत
थकबाकीदाराकडे बघावं तशा.

अठरावीशी माशी शिंकली.
समितीच्या कागदावर शब्द निराळे होते:
"युद्धानंतरची दुरुस्ती. सिमेंट.
भाव विसंगत. बदलावी."
मी पट्टी टेकवली आणि पाहिलं,
ही बाई नव्हेच, पोर आहे.
नाकपुड्या फुललेल्या, वरचा ओठ उचललेला,
डोळे अर्धे.
शिंक येते येते म्हणतानाच
कुणीतरी "हलू नकोस" म्हटलेलं.

वेल्गानं नेहमीचे तीन काढले.
मग लेन्स बदलली.
मग माझी सावली मध्ये होती तरी काही बोलली नाही.

खाली स्काइद्रीते,
निवृत्त झाल्यावरही किल्ल्यांचा जुडगा परत न केलेली.
"अठरा झाली का?"
आकडा तिला कुणी सांगितला नव्हता.
थर्मासच्या टोपणात चहा ओतत म्हणाली,
"सात वर्षांची होते. सर्दी झालेली.
बाबांच्या शेडमध्ये चुन्याची धूळ, आणि हलायचं नाही.
जुना साचा फुटला होता,
बॉम्बनं की आपल्याच माणसांनी, ते तेव्हा विचारायचं नसे.
नवा चेहरा आणायचा कुठून?
घरात माझाच होता.
एकेचाळीस वर्षं इथं नोकरी केली.
रस्त्यावरून नुसत्या नाकपुड्या दिसतात."

वेल्गानं कॅमेरा तिच्याकडे वळवला.
म्हातारीनं चष्मा काढला, पुसला, घातला.
चहा निवला.
पडदा दोनदा विझला, दोनदा वेल्गानं उजळला.
"कान माझे नाहीत," ती शेवटी म्हणाली,
"कान त्यांनी आईचे लावलेत."
आणि उठली, कारण पाच वाजले होते
आणि मागचं दार आतून लावायचं होतं.

रात्री तक्ता भरताना मी लिहिलं:
उंची बेचाळीस, रुंदी एकतीस,
भेग एक, डाव्या कानाखाली.
शेऱ्याचा रकाना वेल्गानं स्वतःकडे ओढला.
बाहेर ट्राम वळली, तारेवर निळी ठिणगी,
पेन्सिल तिच्या दातांत.
मग तिनं लिहिलं, तिच्या त्या मुंगीच्या अक्षरात:
साचा उपलब्ध नाही.
मूळ नमुना हयात आहे. रोज येतो.

मी म्हटलं, समिती हसेल.
"हसू दे," ती म्हणाली,
"अजून सहा राहिल्यात. आणि उद्या येताना
पट्टी पुसून आण, तिच्यावर तुझा अंगठा उमटलाय."